नानांनी वेबसाइटचीही दिवाळीची साफसफाई केली

मंडळी, आज डोकं फिरलंय. ऐकून घ्या.

गिरीजला नानांची केळीची वाडी आहे. केळी वाळवून ते सुकेळी विकतात आणि त्यांची वेबसाइट मी सांभाळते. गेल्या महिन्यात मी सगळ्या पानांचे पत्ते बदलले. जुन्या पत्त्यांवर मुद्दाम एकेक छोटं पान ठेवलं, म्हणजे तिथे आलेला माणूस आपोआप नव्या पानावर जाईल. सर्च इंजिनला नवे पत्ते कळेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हे नानांना बजावलंही होतं.

आज सकाळी सर्चमध्ये 'सुकेळी' टाकलं. आमची साइट वरच दिसली, पण क्लिक केलं की 'पान सापडत नाही'! तेही ऐन दिवाळीच्या ऑर्डरींच्या दिवसांत.

नानांना फोन लावला. "अगं, दिवाळीची साफसफाई काढली होती. ती जुनी पानं रिकामीच होती, टाकली पुसून."

तणतणत गिरीजला गेले आणि सवयीने वाडीच्या जुन्या, बंद फाटकाशी पोचले. त्यावर नानांनीच रंगवलेली पाटी होती: 'नवीन फाटक विहिरीच्या बाजूला.'

"नाना, साफसफाईत ही पाटी नाही काढलीत?"

"वेडी का गं तू? जुनं गिऱ्हाईक बंद फाटक बघून परत जाईल ना!"

मग त्याच पाटीखाली उभं करून त्यांना सगळं समजावलं. पटलं म्हणाले. तिथेच उभ्या उभ्या मी ती पानं परत टाकली. मी निघाले तर मागून हाक आली, "मग ती पानं दिवाळीनंतर काढू ना?"

मंडळी, पासवर्ड बदलून टाकू का?