अनंताची दहाची गोळी

अनंताच्या बहिणीचा, कुंदाताईचा फोन आला तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो. "मास्तर, दादा गेला. जेवला, आडवा झाला, उठलाच नाय," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "माझ्या आमटीला नावं ठेवून गेला..." अनंता माझा शाळेपासूनचा मित्र. पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचा. बाकी मूर्तीला दहा हात लागतात, डोळे मात्र एकाच माणसाचे. रोह्याजवळच्या अष्टमी गावी बहिणीकडे गेला होता, तिथेच हृदय थांबलं. हे मुद्दाम सांगतो, कारण ज्या दोन आजारांनी तो जाणार असं गावात ठरलं होतं, त्या दोन्हींची त्याने निराशा केली.

पहिला एचआयव्ही. तो कुठून आला हे गावाने वीस वर्षं एकमेकांना विचारलं. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही, मैत्रीचं काही अडलं नाही. रोज सकाळी दहाच्या एका गोळीवर तो ठणठणीत होता. कारखान्यात त्याचा चहाचा कप मात्र वेगळ्या खिळ्याला टांगलेला असे. मग रक्ताचा कॅन्सर निघाला. मुंबईच्या डॉक्टरांनी दुसऱ्याच्या मूळ पेशी चढवायला हव्यात म्हटलं आणि कुंदाच्या जुळल्या. कॅन्सर हटला, काही महिन्यांनी त्याचा रक्तगटही बहिणीचा झाला. "आता तू रोह्याचा रे दादा, पेणची ऐट सोड," ती म्हणाली. "रक्त रोह्याचं गो, हात पेणचाच हाय," तो म्हणाला. त्या भाऊबीजेला पाटावर कुंदा बसली आणि ओवाळलं त्याने. गणपतीच्या डोळ्यांपुढे कधी न चुकलेला हात निरांजन उलटं फिरवत होता, आणि ती पाटावरून सूचना देत होती.

पुढचा घोळ माझा. परदेशात अशाच उपचारानंतर मोजक्या कॅन्सर रुग्णांच्या अंगातून एचआयव्हीही गेला, त्यांच्या गोळ्या सुटल्या, हे मी कुठेसं वाचलं आणि विद्वत्तेच्या भरात त्याला सांगून टाकलं. "म्हणजे गोळी बंद? कप खिळ्यावरून उतरेल?" त्याने विचारलं... आमच्या गणेश मंडळाच्या अध्यक्षांना हे कळलं आणि त्यांनी तपासणीआधीच सत्कार ठरवला. 'एचआयव्हीमुक्त' असा बॅनरही छापला. डॉक्टरांनी मात्र आम्हाला नीट बसवून सांगितलं : त्या रुग्णांपैकी बहुतेकांना पेशी देणाऱ्यांमध्ये एक दुर्मीळ जन्मजात गुण होता, त्यांच्या पेशीत शिरायला विषाणूला दारच सापडत नाही. ताईंच्या पेशींना ते दार आहे. आज रक्तात विषाणू दिसत नाही, पण तो शरीरात कुठेतरी लपलेला असणार. गोळी सोडली तर बहुधा या नव्या रक्तातही परतेल.

परतीच्या एसटीत अनंता पेण येईपर्यंत गोळ्यांच्या डबीचं झाकण उघडत-मिटत होता. उतरताना म्हणाला, "लय वाटत होतं रे, सुटावं. पण कुंदीचं रक्त हाय. त्यात हे परत सोडू?"

बॅनर छापलेला असल्याने सत्कार झालाच. रविवारी सकाळी अध्यक्षांनी पाऊण तास विज्ञानाचे आभार मानले, मधूनमधून स्वतःचेही. मग माईक अनंताकडे आला. त्याने खिशातून डबी काढली. "बॅनर चुकलाय. कॅन्सर गेला, दुसरा हाय. गोळी सुटणार नाय, आणि आता दहा वाजलेत." त्याने गोळी तोंडात टाकली आणि अध्यक्षांपुढचा पेला उचलून पाणी प्यायला. अध्यक्ष त्या पेल्याकडे बघत राहिले. पहिल्या रांगेत आधी कुंदा हसली, मग सगळं सभागृह. दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या बाळूकाकांनी, सगळ्यांत जुन्या कारागिराने, तो खिळाच उपटला. "अनंता, तुझी गोळी झाली काय? माझी बीपीची रोज ऱ्हाते. दोघं बरोबर घेऊ."

परवा, अनंता गेल्यानंतर पहिल्यांदाच, कारखान्यात गेलो. दहाला किटली आली आणि बीपी, शुगर, थायरॉइड अशा पाच-सहा पट्ट्या निघाल्या. आता ही तिथली रीतच झाली आहे. दागिने रंगवणारी शैला इतकी वर्षं यात कधीच नव्हती. तिने पिशवीतून डबी काढली. अनंताची होती तशीच; ती कसली, हे तिथे सगळ्यांनाच ओळखता येतं. झाकण उघडून तिने एक गोळी तळहातावर घेतली... बाळूकाकांनी मान वर न करता तिच्याकडे कप सरकवला.

"घे गो. चहा निवतोय."