न आलेला पूर

ज्या सोलापुरात नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही, तिथं राहून जन्मभर फक्त पुरावर बोलणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला थोरला साडू म्हणून आला. जुळे सोलापुरात त्यांच्या घरामागं एक ओढा आहे. एरवी शेळीसुद्धा खूर न भिजवता ओलांडेल असा. पण साडू त्याचं वर्णन करू लागले की ब्रह्मपुत्रेनं लाजावं. बसस्थानकावर कंट्रोलर म्हणून गाड्या पुकारण्यात हयात गेली. त्याच आवाजात ते पूर पुकारतात: म्हैस वाहून गेली तो, लग्नाचा मांडव गेला तो, कुणाची तरी नवी कोरी गादी गेली तो. एका शेजाऱ्याच्या वास्तुशांतीला तर जिलेबीच्या पाकाचं बोट त्यांनी ताज्या रंगाच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीला टेकवलं. "हितपर्यंत आलं होतं बघा पाणी. घर लई छान हाय, पण ओढ्याच्या पोटात हाय." यजमानीणबाई मटकन खाली बसल्या. साडूंनी आणखी एक जिलेबी घेतली.

मग तुम्ही इथं कसे राहता, असं विचारायची सोय नव्हती. "आमचं जोतं बघा की!" हे उत्तर तयार असे. जोतं त्यांनी इतकं उंच बांधलं होतं, की पाहुणे गुडघे धरून घरात शिरत. पुण्यात अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या त्यांच्या मुलानं बजावलं, "घरात एकदा जरी पाणी शिरलं, तर घर विकायचं आणि दोघांनी इकडं यायचं." जोत्याच्या जोरावर साडूंनी शब्द देऊन टाकला.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ओढा जोतं चढून घरात आला. मी धावत गेलो, तर साडू गुडघाभर पाण्यात आणि मेहुणी ज्वारीचा डबा मांडीवर घेऊन ओट्यावर. तेवढ्यात मुलाचा व्हिडिओ कॉल आला. साडूंनी फोन असा उंच धरला, की फक्त डोकं आणि पंखा दिसावा. "काय नाय रे, सगळं कोरडं हाय की!" मागून तरंगत आलेलं पातेलं कपाटावर आपटलं. "आई भांडी घासतीया, काका बी आल्यात," साडू म्हणाले. मुलाला पटेना. "काकांकडं द्या फोन."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मुलाला दिसणार नाही अशा बेतानं त्यांनी हात जोडले. एवढी वर्षं त्यांनी माझे कान खाल्ले होते; एका वाक्यात फेड झाली असती. मी म्हणालो, "अंगणात जरा चिखल झालाय, बाकी काही नाही."

फोन ठेवल्यावर ते खाटेवर बसले. "साडूबुवा, तितं अकराव्या मजल्यावर ओढ्याचं कुणाला सांगू मी?"

आता ते सगळे पूर पुकारतात, एवढा एक सोडून. कुणी गेल्या वर्षीचं काढलंच, तर म्हणतात, "तो कुटला पूर? जरा ओल आली होती." ज्याने सगळ्या गल्लीचे पूर जपले, त्याला स्वतःचा तेवढा बोलून दाखवता येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पण ते माझ्याकडं पाहतात, आणि त्या ओलीत नव्या चपला वाहून गेलेला मी निमूटपणे मान डोलावतो.