ओमर आणि होमर

धान्य मापताना आबा पहिल्या पायलीला कधी 'एक' म्हणत नसत. 'लाभ' म्हणत, मग 'दोन', 'तीन'. ते धुळ्याच्या बाजारातले मापाडी. ऐंशीच्या दशकात सगळीकडे काटे आले होते, पण आमच्या चर्चमधलं सुगीच्या सणाचं धान्य अजून पायलीनं मापलं जाई. तो मान आबांचा असे आणि वर्षभर ते त्याची वाट पाहत.

मी चर्चच्या रविवारच्या शाळेतल्या मुलांसाठी बायबलमधल्या मापांचा तक्ता करत होतो. हिशेब आबांनी करून दिला. "मास्तर, एफा म्हंजे आपल्या सहा पायल्या, चोवीस शेर धरा. ओमर त्याचा दहावा भाग, अडीच शेराच्या आत. होमर मात्र दहा एफा. नावं जवळची शेतस, सांभाळा."

तरी मान्न्याच्या, म्हणजे वाळवंटात इस्राएली लोकांना देवाकडून रोज मिळणाऱ्या अन्नाच्या, ओळीत मी ओमरऐवजी होमर लिहिलं. माणशी रोजचं अन्न साठ पायल्या झालं. खाली 'मापं तपासली' म्हणून आबांचं नाव मीच घातलं होतं.

"आबा, रोज साठ पायल्या? तुमचं माप फुगलं का?" तक्ता वाचून चर्चचे पंच हसले.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तक्ता सरळ करत राहिलो.

"मन्हंच चुकनं, भाऊ," ते म्हणाले.

त्या सुगीला पंचांनी मापायला दुसरा माणूस बोलावला. आबा पोत्याचं तोंड धरून उभे राहिले. एका वाक्यात मला खरं सांगता आलं असतं. मी आभाराची प्रार्थना म्हटली आणि तीत सगळ्यांसाठी खरेपणा मागितला. सगळ्यांत मोठ्यानं आमेन आबा म्हणाले.