गहिनीनाथने बदललेले पाईप

मांजरसुंब्याच्या चौकात, ढाब्यांच्या रांगेला लागून, गहिनीनाथचं गॅरेज आहे. चाळिशीचा गडी. बोलणं कमी आणि दुसऱ्याचं ऐकणं त्याहून कमी. जुन्या जिपांचा मात्र त्याला भारी लळा. गाडी आली की चालू करायच्या आधी तो बॉनेट उघडतो आणि बाजारात वांगी दाबून बघावीत तसे रबरी पाईप दाबून बघतो.

माझी जीप माझ्या लेकाच्या, आदिनाथच्या वयाची. आमची वस्ती डोंगरात, खिंडीपलीकडे; तिथं दुसरी गाडी चढत नाही. म्हणून दर दसऱ्याला आम्ही तिचं इंजिन डिझेलनं पुसून चकचकीत करतो, मग हार घालतो. पूजेला कळकट गाडी कशी चालेल?

यंदा दसऱ्यानंतर रेडिएटरचा एक पाईप झिरपायला लागला, म्हणून गहिनीनाथकडे गेलो. आदिनाथ ऊसतोडीला कारखान्यावर गेलेला, घरात सून शिवकन्या पोटुशी. गाडी दारात नसली की माझा जीव टांगणीला लागायचा. एवढा पाईप बदल आणि मोकळं कर, असं सांगून मी चहाला गेलो. परत येतो तर या पठ्ठ्यानं सगळे पाईप, पट्टा, इंजिनाखालची रबरं, सगळं काढून ठेवलेलं.

माझं डोकंच सटकलं. चांगला माल का काढला रे, असं सगळ्या चौकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं. त्यानं एक जुना पाईप उभा चिरून माझ्या हातात दिला. वरून नुसता चमकत होता, आतून सालपटं सुटलेली.

"तात्या, डिझेलनं रबर चमकतंय, पण फुगून मरतंय. आता पाण्यानंच पुसत जा."

त्यानं सगळं नवं बसवून दिलं, तरी मी घुश्शातच घरी आलो आणि बायकोसमोर, छबुबाईसमोर, त्याचा भरपूर उद्धार केला.

पुढे थंडीत एका दुपारी शिवकन्येला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. अॅम्ब्युलन्स खिंड चढत नाही, खाली रस्त्यावरच थांबते. छबुबाईच्या मांडीवर सुनेचं डोकं, आणि मी पहिल्या गिअरमध्ये दगडांतून खिंड चढतोय. माझी नजर रस्त्यावर कमी आणि तापमानाच्या काट्यावर जास्त. शिवकन्या कण्हत होती. तेही थांबलं तेव्हा मी अॅक्सिलरेटर आणखी दाबला. काटा वर गेला, पण लाल रेघेच्या अलीकडेच थांबला. एक थेंब गळला नाही. तो चिरलेला पाईप आठवला. जुन्या पाईपांवर आलो असतो तर सून त्या खिंडीतच गेली असती.

बीडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त फार गेलंय, पण वेळेत आणलंत. संध्याकाळी नात झाली.

दुसऱ्या दिवशी पेढे वाटत निघालो. भेटेल तो विचारायचा, पोरगा का पोरगी? पोरगी म्हटलं की काहींचा चेहरा उतरायचा. मला त्यांचा रागच आला. गहिनीनाथसमोर काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, पण तिथं डोळेच भरून आले. काल खिंडीतून दवाखान्यात नेलं, नात झाली, लई उपकार झाले बाबा, एवढंच कसंबसं म्हणालो आणि पेढा पुढे केला.

त्यानं तो घेतला नाही.

"आधी सांगा, सूनबाई कशी हाय?"

सकाळपासून हे एकानंही विचारलं नव्हतं.

"बरी हाय," मी म्हणालो. "सकाळी चहा घेतला तिनं."

मग त्यानं हात पुसले आणि पेढा घेतला.