भाजलेली वाळू

लढाईच्या दिवसांत माथेरानच्या गाडीला इंजिनावर पुढे एक माणूस बसायचा. थंडीत दवाने रूळ ओले झाले की चाकं घसरत, म्हणून तो रुळांवर मूठमूठ वाळू टाकायचा. वाळू कोरडी हवी म्हणून ती भाजून आणायचा आणि गरम घमेलं मांडीवर घेऊन ऐटीत बसायचा.

एकदा नेरळला कुडकुडणाऱ्या एका काकूंनी त्याच्याकडे हात शेकायला रुमालभर वाळू मागितली. मग डब्यातल्या आम्ही सगळ्यांनीच रुमाल पुढे केले. थंडीत कसली लाज! त्याला नाही म्हणता येईना.

चढावर चाकं जागच्या जागी फिरू लागली. तो उतरून डब्यापाशी आला.

“मंडळी, अर्धा घाट तुमच्या रुमालात हाय.”

“आधी यांची गार झालेली घ्या,” काकू म्हणाल्या. “माझी अजून गरम आहे!”

त्याने खरंच आधी आमची घेतली.