सोजराबाईंनी मोजलेले दिवे

सोजराबाई ओव्हाळ यांच्यात एक मोठा दोष होता. वरून आलेलं परिपत्रक त्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आणि त्यात लिहिलं असेल तसं करत.

काळेवाडीच्या प्राथमिक शाळेत त्या चौथीच्या बाई होत्या. वडील खडकीला हमाली करत. घरात शाळेचं तोंड पाहिलेली ही पहिलीच, त्यामुळे छापील कागदावर त्यांचा भारी विश्वास. वृक्षारोपणाचा हुकूम आला तेव्हा आसपासच्या शाळांनी शंभर झाडं अहवालात लावली. बाईंनी ती जमिनीत लावली आणि वर पाण्याची मागणी केली. पाणी आलं नाही. 'मागणी अप्रस्तुत' असा शेरा आला.

१९७४ साली तेलाची ओरड चालली होती. रॉकेलच्या दुकानापुढे माणसांऐवजी डब्यांची रांग लागे. त्या हिवाळ्यात 'ऊर्जा बचत सप्ताह' पाळायचं परिपत्रक आलं. मुलांना ऊर्जेची साधनं शिकवावीत, परिसरात विनाकारण जळणारे दिवे मोजावेत आणि तक्ता पाठवावा. शाळेत वायरिंग होऊन दोन वर्षं झाली होती, जोडणी झाली नव्हती. बटणं खालीवर करायला मुलांना पूर्ण मोकळीक होती.

"बाई, तक्त्यात शून्य लिहा," हेडमास्तर अर्जुनराव म्हणाले. "आपल्या शाळेची बचत शंभर टक्के."

"पाहणी न करता शून्य कसं लिहू, सर?"

अर्जुनराव निवृत्तीला आले होते. त्यांनी तक्ता बाईंकडे सरकवला.

बाईंनी फळ्यावर 'ऊर्जा' लिहिलं आणि विचारलं, "तुमच्या घरी काम कशाच्या जोरावर चालतं?" लाकूड, शेण्या, रॉकेल, बैल अशी उत्तरं आली. चतुरा नावाची मुलगी मागून म्हणाली, "आमच्यात समदं आयच्या जोरावर चालतं. पानी, जळान, दळान."

मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी बैलाखाली 'आई' लिहिलं.

मग पाहणी. मुलं घरोघर गेली. चतुराच्या आजीने वहीकडे पाहून विचारलं, "दिवा इझवा म्हनून सांगाया आलाय व्हय? आदी पेटवाया त्याल तरी द्या." वाडीतल्या पाहणीचा आकडा खरंच शून्य आला. पण परिपत्रकात 'परिसर' म्हटलं होतं, आणि परिसरात ओढ्यापलीकडे एका मोठ्या कंपनीची भिंत होती. तिच्या तारा वाडीच्या डोक्यावरून जात. वाडीत उतरत नसत.

सलग पाच दिवस, सकाळी अकरा वाजता, लख्ख उन्हात मुलांनी भिंतीवरचे जळते दिवे मोजले. रोज शेचाळीस. पाचव्या दिवशी एक गेलेला होता. तिथं पंचेचाळीस लिहिले. तक्ता टपालाने गेला.

सप्ताहाच्या समारोपाला पाहुणे म्हणून त्याच कंपनीचे साहेब आले. गाडी बंद केली की पुन्हा चालू होत नाही, म्हणून ड्रायव्हरने ती शाळेच्या दारात चालूच ठेवली. धुरात खोकत खोकत मुलांनी स्वागतगीत म्हटलं. साहेब पाऊण तास बोलले. इंधन ही राष्ट्राची संपत्ती आहे, खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करा, असं त्यांनी सांगितलं. पंखा म्हणजे काय ते पुढच्या रांगेतल्या दोघांनाच माहीत होतं.

"काही शंका?" साहेबांनी विचारलं.

चतुरा उभी राहिली. "तुमच्या भितीवरचे दिवे दिवसा कशाला लागत्यात?"

"सुरक्षेसाठी, बाळ."

"उनात चोर दिसत न्हाईत?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. गाडी चालूच होती, त्यामुळे निघायला वेळ लागला नाही.

आठवड्याने वरून खुलाशाची नोटीस आली. खाजगी मालमत्तेची अनधिकृत मोजणी का केली? अर्जुनराव घाबरले. "बाई, शेचाळीसचे चार करा. नजरचूक झाली म्हणा. मुलंच ती."

"मुलांनी बरोबर मोजलंय, सर. मोजायला मीच शिकवलंय." घरी सासू आजारी होती, नवरा त्याच कंपनीत बदली कामगार. नोकरी गेली तर काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. तरी त्यांनी खुलाशात परिपत्रकातला 'परिसर' हा शब्द अधोरेखित करून पाठवला.

नोकरी गेली नाही. प्रशासकीय सोयीसाठी बाईंची दूर, दुष्काळी माण तालुक्यात बदली झाली. कंपनीनेही तक्त्याची दखल घेतली. भिंतीवर 'वीज वाचवा' असा भला मोठा फलक लागला आणि तो नीट दिसावा म्हणून वर दोन दिवे.

माणला बाई सात वर्षं राहिल्या. तिथं गिरजाबाई नावाच्या शेतकरणीच्या परसात गोबरगॅसचा खड्डा होता. उद्घाटन झालं होतं, हारतुरे झाले होते, फोटो निघाला होता. गॅस तेवढा निघाला नव्हता. रोज शेण कालवून घालावं लागतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. भाषण ऊर्जेच्या भवितव्यावर झालं होतं.

बाईंनी माहितीपुस्तिका मिळवली आणि अर्थातच शेवटच्या पानापर्यंत वाचली. चौथीची पोरं महिनाभर रोज शाळेआधी शेण-पाणी कालवायला जायची. आधी नाकं मुरडली, मग पाळी कुणाची यावरून भांडणं. खड्ड्यावरची टाकी गॅस साठून हळूहळू वर आली. एका सकाळी शेगडीवर निळी ज्योत धरली. गिरजाबाई तिच्याकडे बघत राहिल्या.

"धूर न्हाई?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग डोळ्यातनं पानी का येतंय?"

बाईंनी अहवाल पाठवला. उत्तर आलं की सदर संयंत्र उद्घाटनापासूनच कार्यान्वित असल्याची नोंद आहे, सबब दुसऱ्यांदा नोंद घेता येत नाही. बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं, 'सबब'चा अर्थ समजावून सांगितला आणि पुढचा धडा काढला.