मोटेच्या कातड्याची पर्स

सारजाबाई आठ वर्षं त्या घरात नांदली, पण थोरल्या दिरांशी, काकासाहेबांशी, ती एक शब्दही बोलली नव्हती. रिवाजच तसा होता. ते अंगणात आले की पदर कपाळावर ओढायचा, आणि काही सांगायचं असलं तर जावेच्या, द्वारकाबाईच्या तोंडून. काकासाहेब स्वतः फार बोलत नसत. त्यांचा हात चालायचा. बैल, गडी, धाकटा भाऊ, बायको, सगळ्यांना एकच चाबूक. द्वारकाबाईचा डावा कान त्यातच गेला होता.

दौलताबादच्या किल्ल्यापासून अर्ध्या कोसावर त्यांचं रान होतं. सीताफळं पिकली की सारजाबाई पाटी घेऊन किल्ल्याच्या दरवाज्यापाशी बसायची. चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीआधी तिथं एका गोऱ्या बाईच्या पर्सचा पट्टा कडीपाशी उसवला. वाटाड्या रामकिसन सुई शोधत फिरला. सारजाबाईकडं गोणपाट शिवायचा दाभण होता.

"जपून शीव," रामकिसन म्हणाला. "पॅरिसच्या लई मोठ्या शिंप्याच्या नावाची हाय. असली घ्यायला तिकडं राण्या रांगेत उभ्या राहत्यात म्हणं."

"मग राणीची शिवण उसवती कशी?"

रामकिसन हसला. सारजाबाई हसली नाही. तिनं पर्स उलटी केली, आत हात घातला, कोपरे चाचपले, झाकण कसं वळवलंय ते बोटानं मोजलं. पाच मिनिटांचं काम तिनं अर्धा तास पुरवलं. पट्टा जोडून दिला, तेव्हा पर्सचा एकेक तुकडा तिच्या डोक्यात कापून तयार होता.

कातडं घरातच होतं. विहिरीवर विजेची मोटर बसली तेव्हापासून पाणी उपसायची चामडी मोट गोठ्याच्या आढ्याला टांगलेली होती. सहा वर्षांत ती पत्र्यासारखी कडक झाली होती. सारजाबाईनं तिचा खालचा अर्धा भाग कापला, दोन दिवस पाण्यात बुडवला, मग करडीचं तेल चोळत राहिली. आठव्या दिवशी कातडं हातात वाकलं. वरचा अर्धा भाग तिनं पुन्हा होता तसा टांगून ठेवला. आढ्याच्या अंधारात खालून बघणाऱ्याला काही कळलं नसतं.

अडचण शिवणीची होती. किल्ल्यापाशी परक्या बाईचा पट्टा जोडला ते खपलं, पण शेतकऱ्याच्या घरातल्या बाईनं कातड्याला सुई लावायची नाही, हा गावाचा कायदा. ते काम बन्सीचं. गावाच्या मोटा आणि वहाणा त्यानंच शिवल्या होत्या. त्याचं घर रानाच्या वाटेवर होतं. सारजाबाई भाकरी घेऊन निघाली की त्याच्या दारापुढं पायातला काटा काढायला थांबायची. रोजच काटा मोडायचा. बन्सी तिच्याकडं न बघता हात सावकाश चालवायचा. आरीनं एक भोक पाडायचं, दोन सुया दोन्ही बाजूंनी त्याच भोकातून काढायच्या, दोन्ही दोरे एकदम ओढायचे. पंधरा दिवसांनी कुंपणाच्या काट्याला एक जुनी आरी लटकलेली दिसली. बन्सी आतूनच म्हणाला, "मी काय दिलं नाय. तू काय घेतलं नाय, सूनबाई."

पर्स माघात शिवून झाली. झाकणाला जुन्या ट्रंकेची पितळी कडी लावली होती. पण ती पोत्यासारखी लोळत होती. बन्सीनं वाटेवरच्या कुत्र्याला सांगावं तसं सांगितलं, "पोकळ वस्तूत ओली रेती ठासायची. चार दिवस वाळली की आकार सोडत नाय." सारजाबाईनं रेती ठासली आणि पर्स भुशाच्या खोलीत पुरून ठेवली.

तिसऱ्या दिवशी मोटर जळली. तीन तारांपैकी एकीतली वीज गेली होती. मोटर दोनच तारांवर घुरघुरत राहिली आणि तिच्या आतली तांब्याची वेटोळी करपली. गहू शेवटच्या पाण्यावर आला होता. काकासाहेबांनी बैल जुंपायला सांगितले आणि आढ्यावरची मोट काढली. ती अर्धीच हातात आली.

कातड्याचा उपयोग गावात एकाच माणसाला. काकासाहेब स्वतः गेले आणि बन्सीला शेंडीला धरून अंगणात ओढत घेऊन आले.

"मोट कुठंय?"

"मला ठाव नाय, मालक."

पहिली लाथ बरगडीत बसली. दुसरी तोंडावर. बन्सी साठीचा होता, हाडं आणि चामडं. तो पुन्हा तेच म्हणाला. त्याला ठाऊक होतं. दाराच्या फटीतून बघणाऱ्या सारजाबाईलाही ठाऊक होतं की एक नाव घेतलं तर तो सुटेल. तो नाव घेईना.

"पुंज्या, हात धर ह्याचा," काकासाहेब धाकट्या भावाला म्हणाले. "चोराचा हात दगडावर ठिव."

पुंजारामानं, सारजाबाईच्या नवऱ्यानं, बन्सीचा उजवा हात पाट्यावर दाबून धरला. सारजाबाई भुशाच्या खोलीकडं धावली. पर्स उपसून बाहेर येईपर्यंत कुऱ्हाडीचा सुटा दांडा एकदा बसला होता. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. बन्सी ओरडला नाही, श्वास घेता न आल्यासारखं तोंड उघडून राहिला.

"मोट म्या कापली," सारजाबाई म्हणाली.

आठ वर्षांतलं ते पहिलं वाक्य. काकासाहेबांनी तिच्याकडं मान वळवली नाही.

"पुंज्या, बायकोला आत घाल. आन् डावा ठिव."

त्यांनी दांडा वर उचलला. सारजाबाईनं पट्टा दोन्ही हातांनी धरला, पाय रोवले आणि पर्स फिरवली. आत पाच-सहा शेर ओली रेती होती. घाव जबड्यावर बसला. काकासाहेब हौदावर आदळून खाली आले. दोन दात हौदाच्या काठावर राहिले. त्यांनी उठायला हात टेकला तेव्हा तिनं दुसऱ्यांदा मारलं, खांद्यावर. मग ते उठले नाहीत.

पुंजारामानं बन्सीला सोडून तिला धरलं. पडलेला दांडा घेतला आणि पाठीत, मांडीवर, डोक्यावर, जिथं बसेल तिथं मारत सुटला. ती खाली पडली तरी थांबला नाही. मग कुऱ्हाड आणून त्यानं पर्सचे तुकडे केले. रेती अंगणभर सांडली.

"पाणी द्या," काकासाहेब रक्त थुंकत म्हणाले.

द्वारकाबाई ओट्यावर बसली होती. ती हलली नाही. ती फक्त दिराला म्हणाली, "भाऊजी, बास. मेली तर फौजदार यील." आणि तशीच बसून राहिली. नवऱ्याला पाणी शेवटी गड्यानं दिलं.

बन्सीचं मनगट शहरातल्या दवाखान्यात बांधलं. हाड जुळलं, पण बोटं मिटेनात. आरी धरता येईना.

सारजाबाईच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या. दोन महिने ती माहेरी, पैठणच्या बाजूला होती. तिथून बस पकडून आली ती सासरी गेलीच नाही. डोक्यावर गाठोडं, कपाळावर पदर नाही, अशी सरळ बन्सीच्या दारात बसली.

"इथं कशाला आलीस? आता तुला बी मारतील आन् मला बी."

"काम काय राह्यलंय?"

बन्सीनं पायानं एक अर्धवट वहाण पुढं सरकवली. "तुझ्या दिराची हाय. त्या दिवशी हीच शिवत व्हतो."

सारजाबाईनं आरी उचलली. वाटेवर माणसं जमली. कुणीतरी शिवी दिली, कुणीतरी थुंकलं. ती सुया ओवत होती. दहावा की बारावा टाका चालू असताना पहिला दगड आला आणि तिच्या भुवईच्या वर लागला. दुसरा भिंतीवर फुटला. ती उठली नाही. दोन्ही दोरे मुठीला गुंडाळून तिनं टाका आवळला.

बन्सीनं वाटेकडं पाहिलंच नाही. तो पुढं वाकून शिवण बघत होता.

"ढिला हाय," तो म्हणाला. "उसव. आन् आधी रक्त पूस. कातड्यावर पडलं तर डाग जात नाय."